न जुळणारी ताटं

श्रावण लागला की सांगलीतली माणसं दोन कामं करतात. उपवास धरतात आणि पुलावर पाणी बघायला जातात. कोयनेतून किती सोडलं, नदी किती चढली, हे रिक्षावाल्यापासून डॉक्टरपर्यंत सगळ्यांना तोंडपाठ असतं, आणि फोनवर तेच ते फोटो फिरत राहतात. मी पुलावर जात नाही. माझा श्रावण दुपारी घरात येतो. आमच्या घरचा माणूस मधल्या सुट्टीत कामावरून येतो, ओली छत्री मोरीत उभी करतो, चहाचा कप हातात घेतो आणि मी विचारायच्या आत सांगतो की आज टेबलं कशी मांडली.

हा माणूस म्हणजे माझे यजमान, सिदूअण्णा. सगळं गाव त्यांना अण्णा म्हणतं, म्हणून लिहिताना मीही अण्णाच म्हणते. तोंडावर म्हणायची सोय नाही, अण्णा म्हणजे थोरला भाऊ झाला. पन्नाशी उलटलेला हा गृहस्थ विश्रामबागेतल्या एका नव्या रेस्टॉरंटात काळा एप्रन बांधून टेबलं मांडतो आणि वाढतो. आयुष्यभर हेच केलं, त्यामुळं कामात लाज वाटण्यासारखं काही नाही. लाज कशाची वाटते ते पुढं सांगते.

त्या रेस्टॉरंटात एका टेबलावर दोन सारख्या वस्तू नसतात. मुद्दाम नसतात. एकाच्या पुढं निळ्या काठाची चिनी मातीची थाळी, त्याच्या शेजाऱ्याला पितळी ताट, समोरच्याला इनॅमलची, कडेचे टवके उडालेली. वाट्यांचं तसंच, एक काशाची, एक मातीची, एक लाकडाची. पाणी कुणाला तांब्याच्या गडव्यात, कुणाला जाड हिरव्या काचेच्या ग्लासात. उघडायच्या आधी पुण्याहून एक मुलगी ही मांडणी शिकवायला आली होती. वस्तू वेगवेगळ्या दिसल्या पाहिजेत पण टेबल एक दिसलं पाहिजे, असं तिनं सगळ्या वेटरना समजावलं. रंग कसे धरायचे, उंच वस्तूशेजारी बसकी कशी ठेवायची, चकचकीत ताटाजवळ मळकट वाटी कशी शोभते, सगळं दाखवलं. पोरगी हुशार असणार. टेबलं छान दिसतात, मी खोटं बोलणार नाही. लोक जेवण गार होईपर्यंत त्यांचे फोटो काढतात.

अण्णांनी हे पहिल्यांदा घरी येऊन सांगितलं तेव्हा मी हसायला लागले. हसता हसता पोट धरून खाली बसले. अण्णा कप धुऊन, पालथा घालून झोपायला गेले. त्यानंतर मला त्या गोष्टीचं हसू आलेलं नाही.

आमची खानावळ होती. सांगलीच्या जुन्या भागात, नदीकडं उतरणाऱ्या रस्त्यावर, एका दुमजली घराच्या तळमजल्यावर. भिंतीला हिरवा ऑइलपेंट, देव्हाऱ्यात म्हसवडच्या सिद्धनाथाचा फोटो, कारण अण्णांचं गाव तिकडचं. माझा स्वयंपाक, त्यांची वाढप. कोर्टात तारखेला आलेली माणसं, बाजार समितीतले हमाल, कॉलेजची पोरं, एकटे राहणारे मास्तर. आमचं जेवण फार थोर होतं असं नाही. आमटी चांगली असायची, भाकरी गरम मिळायची, आणि ताटं एकसारखी असायची.

या शेवटच्या गोष्टीवर अण्णांचा जीव होता. सगळी स्टीलची, एकाच साच्यातली, एकाच वजनाची, कड सारखी वळलेली. एखाद्याला पोचा आला की ते ताट पंगतीतून बाद. मग त्यात मी कणीक मळायची किंवा लसूण सोलायचा. वाटी-भांड्यांनाही हाच कायदा. गिऱ्हाईक बसायच्या आधी अण्णा ताटांची चळत डाव्या हातावर घेऊन टेबलावरून फिरायचे आणि पत्ते पिसल्यासारखी ताटं सरकवत जायचे. एकसारख्या ताटांचा आवाजही एकसारखा येतो, हे मला आतून चुलीपाशी ऐकून ऐकून कळलं होतं. एखादं परकं ताट चळतीत शिरलं तर मला आधी ऐकू यायचं.

हे वेड नव्हतं. त्याला कारण होतं, आणि ते मला लग्नानंतर बऱ्याच दिवसांनी कळलं. अण्णांचं घर मेंढरांमागचं. पावसाळा सरला की कळप घेऊन उसाच्या पट्ट्यात उतरायचं, शेतकऱ्याच्या रानात मेंढरं बसवायची, लेंडीखताच्या बदल्यात धान्य घ्यायचं, आणि पुढच्या रानाकडं सरकायचं. अण्णा विशीत असताना अशाच एका बागायतदाराच्या घरी लग्न निघालं. रानात मेंढरं बसलेली, माणसं ओळखीची, म्हणून त्यांनाही आग्रहानं बोलावणं आलं. पंगत एकच होती. सगळ्यांपुढं पितळी ताटं, आणि मेंढरामागच्या तिघांपुढं जर्मनची, म्हणजे ॲल्युमिनियमची, गोठ्याच्या भिंतीला टांगलेली असतात तसली. कुणी वावगं बोललं नाही. जेवण तेच होतं. लाडू तर दुसऱ्यांदा आग्रह करून वाढला. अण्णा सांगायचे, वाढणारा माणूस इतका गोड होता की भांडायलासुद्धा जागा न्हाई ठेवली त्यानं.

त्या सुगीनंतर अण्णा कळपामागं गेले नाहीत. सांगलीत येऊन एका खानावळीत ताटं घासायला लागले. पुढं स्वतःची खानावळ काढली तेव्हा बाकी काही नवीन घेतलं नाही. बाकं जुनी, पंखे जुने, ताटं मात्र नवी. हमाल असो की वकील, पुढं येईल ते ताट एकच. यावर भाषण त्यांनी कधी दिलं नाही. बोलून दाखवायचा स्वभावच नाही, आणि त्याचा मला आजवर भयंकर त्रास झालेला आहे.

मग तो श्रावण आला.

वडील नोकरीला होते म्हणून मी पाटणला वाढले. आमच्या तिथं पाऊस घरातल्या माणसासारखा चार महिने मुक्कामाला असायचा. कपडे वाळायचे नाहीत, काड्यापेटी चुलीजवळ ठेवावी लागायची, पण पावसाची भीती अशी कधी वाटली नाही. सांगलीत येऊन मला कळलं की आमच्या डोंगरात पडलेलं पाणी शेवटी कुठं जातं. त्या वर्षी ते माझ्या मागोमाग सासरी आलं. आम्ही वरच्या मजल्यावर चढलो, तिथून होडीत, होडीतून एका शाळेत. खिचडी, घोंगड्या, कुणाच्या तरी रडणाऱ्या म्हाताऱ्या. खाली बघितलं तेव्हा आमच्या दारावरची पाटी दिसत नव्हती, एवढंच मला त्या दिवसाचं आठवतं.

पाणी उतरल्यावरचा वास मात्र अजून नाकातून गेलेला नाही. श्रावणात एखादं ओलं पोतं उघडलं तरी तो वास येतो आणि मी खिडक्या उघडायला धावते. पाण्याच्या जोरानं शटर वाकून अर्धं निघालं होतं. आत गुडघाभर चिखल, चिखलात बाकं पालथी, कुठल्या तरी घरची पाळण्याची दोरी, आणि भिंतीवर सिद्धनाथाच्या फोटोच्याही वर गेलेली तपकिरी रेघ. अण्णा त्या चिखलात हात घालून ताटं चाचपत होते. दिवस मावळेपर्यंत चाचपत राहिले. सापडली ती एका टेबलालाही पुरली नसती. बाकीची त्या वाकलेल्या शटरखालून नदीनं नेली. चुलीचं काय झालं, पिठाचं काय झालं, हे त्यांनी विचारलंसुद्धा नाही.

भाकरी आल्या त्या म्हसवडकडून. ज्या भागात प्यायच्या पाण्याला टँकर लागतो, तिथल्या बायकांनी घरोघरी भाकरी थापून टेम्पो भरून धाडल्या. सोबत ठेचा, शेंगदाण्याची चटणी, जुनी पातळं, घोंगडी. टेम्पोबरोबर अण्णांचे थोरले बंधू आले होते, बापू. अंगानं किडकिडीत, डोक्याला लाल पटका, बोलणं कमी. त्यांनी आमच्यासाठी वेगळी आणलेली दोन पोती स्वतः खांद्यावरून आत आणली. "गावातनं घरटी येक-दोन ताटं गोळा केली," ते म्हणाले. "खानावळीचं कळलं तवा बायकांनी आपनहून दिली. आता चालू कर गड्या."

पोती ओतली तेव्हा माझ्या डोळ्यांत पाणी आलं, ते मी लपवलंही नाही. स्टीलची, पितळेची, जर्मनची, एक-दोन काशाची. लहान-मोठी, खोल-उथळ. बहुतेकांवर नावं कोरलेली, कुणाला मामानं लग्नात दिलेलं, कुणाच्या आईच्या स्मरणार्थ काढलेलं. एका ताटाच्या मागं नुसतं 'शेवंता' असं वेडंवाकडं खिळ्यानं टोचलेलं होतं. ज्यांच्या घरात चार ताटं, त्यांनी त्यातलं एक काढून दिलेलं. मी ती सगळी चिंचेनं घासली, गच्चीवर चादर अंथरली आणि उन्हात मांडली. ऊन म्हणजे श्रावणातलं, आलं की गेलं.

आणि तिथं गच्चीवर बसून मी जवळजवळ तेच केलं जे पुढं पुण्याची ती पोरगी शिकवून गेली. पितळी एकीकडं काढली, खोल स्टीलची एकीकडं, जर्मनची एकीकडं. मग जुळवायला बसले. पितळी ताटाला स्टीलची वाटी बरी दिसते, लहान ताटाला उंच भांडं दिलं की ते लहान वाटत नाही, असं करत करत प्रत्येक टेबलाला एक जात धरली. पाच-सहा टेबलं नीट बसली. मला मनातून फार आनंद झाला होता. इतक्या दिवसांत पहिल्यांदा मी काही तरी मांडत होते, नाही तर नुसतं उपसणंच चाललं होतं. अण्णांना हाक मारून दाखवलं आणि म्हणाले, उद्यापासून चूल पेटवते, लोक उपाशी आहेत, एका टेबलावर एक तऱ्हा ठेवली की कुणाला काही वाटायचं नाही.

अण्णांनी एकेका गटावरून नजर फिरवली. जर्मनच्या ताटांपाशी थांबले.

"या टेबलावर कोण बसायचं, तेवढं सांग," म्हणाले.

मी म्हटलं, जो येईल तो बसेल.

"तसं नसतंय. जो येईल त्याला आपुन बसवतो. हमाल आला की माझाच हात त्याला हिकडं दावणार. मला माझा हात म्हाईत हाय."

मी खूप बोलले. पुरात वाहून गेलेल्या गावात ताट कोण बघतंय, पोट बघतात लोक. पुढं नवीन घेऊ, आत्ता तरी चालू करू. रागानं म्हणाले, रडून म्हणाले, शेजारणीला मध्ये घालून म्हणाले. अण्णांनी एक वाक्य धरलं ते धरलं. सारखी ताटं येतील तेव्हा शटर उघडायचं. सारखी ताटं कुठून येणार होती? भांड्यांच्या दुकानांतही चिखलच होता, आणि आमच्या हातात जे होतं ते भिंती आणि चुली उभ्या करण्यात गेलं. घरात दोन पोती ताटं आणि खानावळ ताटांवाचून बंद. असा प्रकार जगात दुसरीकडं कुठं घडला असेल असं मला वाटत नाही.

गौरी-गणपती गेले, दसरा गेला. आमचे मास्तर, आमचे हमाल दारापर्यंत येऊन जायचे, मग यायचे बंद झाले. माणसाला जेवायला रोज लागतं, त्याला तुमच्या तत्त्वासाठी थांबता येत नाही. दिवाळीनंतर घरमालकानं, तोही पुरानं खचलेलाच, जागा मोबाइलवाल्याला दिली. आम्हाला त्यानं दोनदा विचारलं होतं. दोन्ही वेळा अण्णा म्हणाले, थोडं थांबा.

पण खरा घाव पुढं बसला. ती पोती अण्णांनी म्हसवडला परत नेली. त्यांना वाटलं, लोकांची संसारातली ताटं आहेत, वापरली नाहीत तर परत द्यावीत, यात प्रामाणिकपणा आहे. मी सोबत होते. बापू अंगणात बसले होते. पोती बघून आधी त्यांना कळेना. मग कळलं. खानावळ का उघडली नाही हे गावाच्या कानावर गेलंच होतं.

"आमच्या ताटात तुझी गिऱ्हाइकं जेवली असती तर बाटली असती व्हय रं सिदू?"

अण्णा सांगू शकले असते. त्या लग्नाचं, त्या गोड वाढप्याचं सगळं सांगता आलं असतं, आणि बापूंना ते सांगायचीसुद्धा गरज नव्हती, कारण पंगतीतल्या त्या तिघांमध्ये बापू स्वतः होते. पण अण्णांनी पोती भिंतीला लावून ठेवली. जावेनं चहा केला, तो आम्ही घेतला, आणि एसटीनं परत आलो. त्यानंतर बापू सांगलीला आले नाहीत. लग्नकार्यात भेट व्हायची, नमस्कार व्हायचा, तेवढंच.

मी यावर इतकी वर्षं विचार करते आहे. चूक कुणाची हे ठरवायला बसले की ज्याचा राग येतो तो माणूस दर वेळी बदलतो. कधी अण्णांचा राग येतो. अपमानाला इतकं जपलं की त्यापायी चूल गेली आणि भाऊ गेला. कधी त्या गोड वाढप्याचा येतो, जो आता कुठं तरी म्हातारा झाला असेल आणि त्याला हे काहीच आठवत नसेल. आणि अलीकडं त्या रेस्टॉरंटातल्या गिऱ्हाइकांचा येतो, ज्यांनी माझं काही वाकडं केलेलं नाही. न जुळणाऱ्या ताटांची हौस त्यांनाच परवडते, ज्यांना वेगळं ताट कुणी कधी मुद्दाम वाढलं नाही. टवका उडालेली थाळी पुढं आली की त्यांना गंमत वाटते. तसली थाळी पुढं आली की माझ्या दिरांच्या घरातली माणसं आधी शेजारच्याच्या ताटात बघतात.

अण्णा तिथं का लागले, असं लोक मला विचारतात. मी काय सांगू? खानावळ गेल्यावर कँटीन झालं, मंगल कार्यालय झालं, गुडघे दुखायला लागले. या मालकाचं वागणं चांगलं आहे, दुपारी घरी येता येतं. रोज सकाळी अण्णा वेगवेगळी ताटं वेगवेगळ्या खुर्च्यांपुढं ठेवतात, आणि म्हणे त्यांची मांडणी सगळ्यांत चांगली बसते. मालक नव्या पोरांना सांगतो, अण्णांचं टेबल बघा. हे सांगताना अण्णांचा चेहरा कसा असतो हे मला लिहिता येत नाही.

गेल्या रविवारी पुतण्या आला. बापूंचा मुलगा, सैन्यात आहे, रजेवर आला होता. पोरगा मनमोकळा, त्याला ही सगळी मागची जळमटं माहीत आहेत आणि ती झाडायचा त्यानं चंगच बांधला होता. वडिलांना, त्याच्या तात्यांना, गाडीत घालून थेट सांगलीला घेऊन आला आणि मला म्हणाला, काकी, आवरा, काकांच्या हॉटेलात जेवायला जायचंय, तात्यांना मी कबूल करून आनलंय. बापू खाली गाडीतच बसले होते. पटका नवा होता. माझ्याकडं बघून हसले. मला वाटलं, श्रावणानं एवढं नेलं, आता काही तरी परत देतो आहे.

रविवारची गर्दी होती. दारातल्या मुलीनं आम्हाला खिडकीजवळ बसवलं. टेबल आधीच मांडलेलं होतं. पुतण्यापुढं निळ्या काठाची थाळी, माझ्यापुढं लखलखीत पितळी ताट, आणि बापू ज्या खुर्चीवर बसले तिच्यापुढं इनॅमलची, काठाला काळे टवके गेलेली. ते टेबल सकाळी कुणी मांडलं होतं हे मला माहीत होतं. कोण कुठं बसेल हे त्या माणसाला माहीत असायचं कारण नव्हतं.

अण्णा आतून वाढायचं घेऊन आले आणि भावाला बघून जागच्या जागी थबकले. पाया पडायला वाकणार होते, पण दोन्ही हात अडकलेले. बापूंनी काहीच मनात न ठेवल्यासारखी मान हलवली. मग त्यांनी ताटाच्या काठावरून अंगठा फिरवला. माझ्या ताटाकडं बघितलं, मुलाच्या ताटाकडं बघितलं. आवाज जरासुद्धा चढवला नाही. खरंच जाणून घ्यायचं असल्यासारखं विचारलं.

"हितं चालतंय व्हय रं सिदू?"

पुतण्या घाईघाईनं म्हणाला, तात्या, ही फॅशन हाय, सगळ्यांस्नी येगळी असत्यात. मी माझं पितळी ताट त्यांच्याकडं सरकवायला गेले, तर त्यांनी हातानंच नको म्हटलं. मालक काउंटरवरून आमच्या टेबलाकडं बघत होता. अण्णांनी वाढायला घेतलं. चटणी वाढली, कोशिंबीर वाढली, भाताची मूद पाडली, वर वरण, वर तूप. थेंब कुठं सांडला नाही. सगळं वाढून झाल्यावर ते एक पाऊल मागं सरले, हात मागं बांधले, आणि रोजच्या सवयीनं त्यांच्या तोंडून निघून गेलं, "अजून काही आणू का, सर?"

बापूंनी वर बघितलं नाही. "काय नको," म्हणाले आणि भात कालवायला लागले.